बिनजाळीचा पाईप

मिस्त्री घरात शिरला की आधी वर बघायचा. लोक त्याला तुंबलेली मोरी नाहीतर गळका नळ दाखवायला बोलवायचे, आणि हा आपला छपराची कड, खिडकीची चौकट, टाकीचा ओव्हरफ्लो असं एकेक न्याहाळत उभा. "अहो मिस्त्री, नळ इकडे आहे," असं कुणी म्हटलं की म्हणायचा, "नळ काय पळून जातोय? ती बाई कुठं घुसलीय ते बघू द्या आधी."

ती बाई म्हणजे कुंभारीण. निळसर काळी माशी, कंबर दोऱ्याएवढी, पाय लोंबते. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि भिंतीवर, फोटोच्या मागे, पडद्याच्या घडीत, मिळेल तिथं घर लिंपते. आत कोळी भरते, अंडं घालते, तोंड बंद करते आणि चालू लागते. चावण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. पण उघडा पाईप दिसला की हिला राहवत नाही. गॅसचा गिझर पेटेना, टाकी भरून वाहिली तरी ओव्हरफ्लोतून थेंब पडेना, एसीचं पाणी बाहेर जायचं सोडून गादीवर ठिबकायला लागलं, की मिस्त्रीला बोलावणं यायचं. तो तार घालून पाईप खरवडायचा, मूठभर वाळकी माती बाहेर काढायचा आणि घरच्या बाईला दाखवायचा. "ही घ्या तुमची पाहुणी. भाडं न देता राहिलीय."

मग पाईपाच्या तोंडाला बारीक जाळी लावायची, वरून तार आवळायची, की काम संपलं. यात तो कुणाचं ऐकायचा नाही. "राहू द्या हो, पुढच्या वेळी लावू," असं कुणी म्हटलं तर पाना पिशवीत टाकून सरळ निघायला लागायचा. त्याच्या हाताखालून गेलेला एकही पाईप बिनजाळीचा राहिला नाही. राहिला तो एकच, आणि तो त्याच्याच घरात होता.

त्याचं असं झालं. मिस्त्रीच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, पण जीभ शाबूत राहिली. आवाज तेवढा बारीक झाला. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा, बोलणं वाचलं. मिस्त्री म्हणाला, "तेच जायला हवं होतं, मला चार दिवस विश्रांती मिळाली असती." बायको खाटेवरून म्हणाली, "मेले तरी बोलायची थांबायची नाही मी, समजलं?" आणि दोघं हसले.

बाई बोलकी म्हणजे किती बोलकी? भाजीवाल्याशी बोलायची, मांजराशी बोलायची, शिट्टी द्यायला उशीर करणाऱ्या कुकरशीही बोलायची. अशी बाई खिडकीपाशी खाटेवर पडलेली, आणि नवरा अंगणाच्या पार टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. बाहेरची कामं त्यानं कमी केली होती. जुने नळ, कॉक, फ्लशच्या टाक्या घरी आणून दुरुस्त करायचा. पण शेड लांब. तिथं पोचेल असा आवाज तिच्याकडे उरला नव्हता.

परगावी राहणाऱ्या लेकीनं बेल पाठवली. उशाशी बटण, शेडमध्ये टुंग टुंग. आईनं ती एकदा वाजवली आणि बाजूला ठेवली. "मी वाजवणार, तुम्ही हातातलं टाकून धावत येणार, काय झालं विचारणार, मी म्हणणार काही नाही, सहज. मग तुम्ही भडकणार. त्यापेक्षा नको." मोबाईल दिला, तर एका हातात धरून त्याच हाताचं बोट फिरवणं तिला जमेना. एकदा तो भलतीकडेच लागला. पलीकडे कुठल्याशा दुकानातला माणूस होता. तिनं त्याच्याशीच यथास्थित गप्पा मारल्या, त्याच्या बायकोचं बाळंतपण कधी ते विचारून घेतलं आणि मगच ठेवला.

शेवटी मिस्त्रीनं आपल्या धंद्यातलं डोकं चालवलं. उशाजवळ भिंतीला भोक पाडलं, तिथून इंची पाईप काढून मागच्या भिंतीच्या कडेकडेनं थेट शेडपर्यंत नेला. तिच्या बाजूला रॉकेलचं जुनं नरसाळं घासूनपुसून बसवलं, आपल्या बाजूला वळणाचा एल्बो लावून पाईपाचं तोंड कामाच्या टेबलाकडे वळवलं. मग शेडमध्ये जाऊन कान लावला.

"अहो," पाईपातून आलं. अगदी कानाशी.

"काय गं?"

"काही नाही. येतंय का ऐकू ते बघत होते."

त्या दिवशी तिला निदान वीस वेळा तसंच बघायचं होतं. तो वैतागला, आणि खूशही झाला. मग शहाण्यासारखं त्यानं पाईपाच्या तोंडाला जाळी लावली. थोड्या वेळानं आतून तक्रार आली, "तुम्ही परगावाहून बोलल्यासारखे वाटताय. काय केलंत?" जाळी लावली म्हणाला. "काढा ती. शब्द चाळून येतात माझ्याकडे." त्यानं सांगून बघितलं, की अगं कुंभारीण शिरेल. ती म्हणाली, "रात्रंदिवस बोलतेय मी यातून. कुठली माशी टिकेल?" आता बायकोपुढं मिस्त्रीगिरी कुणाची चालते? त्यानं जाळी काढली.

तेव्हापासून दोघांचा दिवस त्या पाईपातून चालायचा. शेजारीण तर म्हणायची, काका-काकूंचं नवीन लग्न झालंय. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि काकूंची खिडकी समोरासमोर, मध्ये हातभर बोळ. तिला इकडचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. काकू नरसाळ्यात बोलायच्या, मध्येच हसायच्या, मध्येच रागवायच्या. ती भांडी घासता घासता ऐकायची.

मग एक दिवस काकूंच्या खिडकीच्या चौकटीवर एक कुंभारीण आली.

पडून राहिलेल्या माणसाला दिवसभरात बघायला असतं काय? छत असतं, पंखा असतो. या बाईला ही माशी मिळाली. ती गोळी घेऊन आली, लिंपून गेली, परत आली. लिंपताना अंगातून गुणगुण काढायची. मिस्त्रीला पाईपातून सगळी बातमी जायची. "अहो, दुसरी खोली काढली तिनं." "अहो, आज कोळी आणला, तिच्याहून मोठा. ओढता ओढता दमली बिचारी." मिस्त्री म्हणायचा, "जास्त लाड नकोत. सुकलं की काढणार आहे मी." ती म्हणायची, "खबरदार."

त्यानं काढलं. दुपारी तिचा डोळा लागला असताना पटाशी घेऊन आला, कडेनं पाणी मारलं आणि एका फटक्यात घर उचकटलं. त्यालाही त्याचं कारण होतं. लेक येणार होती, घर बघणार होती. आणि लोकांच्या घरची घाण काढणाऱ्याच्या स्वतःच्याच खिडकीत हे, ही त्याला लाज वाटत होती. पण ढेकूळ हातातून निसटलं आणि फरशीवर फुटलं. ती जागी झाली.

मातीच्या चुऱ्यात कोळी पडले होते. एकाचा पाय हलत होता.

"जिवंत आहेत?" तिनं विचारलं.

"डंख मारून सुन्न करते ती. मरत नाहीत, पण हलता येत नाही. पिल्लू बाहेर येईपर्यंत ताजे राहतात." हे तो घरोघरी सांगायचा, तसंच सांगून गेला.

ती बघत राहिली. "म्हणजे माझ्यासारखेच की," म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "एवढं एकच होतं मला बघायला. विचारायचं तरी! झोपेत येऊन चोरासारखं काढलंत. आता मलाही काढा असंच खरवडून, म्हणजे घर स्वच्छ होईल, लेकीला दाखवा."

मिस्त्री केरसुणी घेऊन खाली वाकला होता. कंबर दुखत होती, सकाळपासून पोटात नीट काही नव्हतं. तो म्हणाला, "तोंड बंद ठेव गं जरा. दिवसभर ती तुझी बडबड कानात. पाईप घातला तेव्हाच माझी अक्कल गहाण पडली होती."

बोलून गेला. बोलल्यावर त्यालाही कळलं की हे भलतंच झालं. पण माघार घ्यायची त्याला सवय नव्हती. त्यांच्या संसारात अबोला काही नवा नव्हता. धरायचीही तीच आणि मोडायचीही तीच. एवढी बोलकी बाई, तिच्या पोटात शब्द राहायचे नाहीत. कधी दुसऱ्या दिवशी, फार तर चौथ्या दिवशी, ती आपणहून काहीतरी बोलायची आणि मिटायचं. म्हणून तो निर्धास्त होता.

त्यानं तिचं सगळं केलं. अंग पुसलं, कूस बदलली, भरवलं. ती जेवली, पण बोलली नाही. तो शेडमध्ये जाऊन बसला. पाईप गप्प. कुंभारीण मात्र बेघर होऊन शेडमध्ये घिरट्या घालत होती. त्यानं फडकं मारून दोनदा हाकलली आणि कामाला लागला. त्याच्याकडे बघून वाटलं असतं की हा तोट्या घासतोय. खरं म्हणजे तो वाट बघत होता. मनाशी ठरवून बसला होता, की हाक येईल, पण पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. थोडी कळ काढू दे तिलाही. दुसरीला द्यायची.

तिसरा दिवसही तसाच गेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी चहा घेऊन तो खोलीत आला, तेव्हा ती खाटेवरून अर्धी खाली लोंबत होती. तोंड वाकडं झालं होतं. चांगल्या हातात नरसाळं होतं, पाईपातून उपटून निघालेलं.

दवाखान्यात सांगितलं, दुसरा झटका. या खेपेला बोलणं गेलं. उजवा हातही जवळजवळ गेला. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघतायत ते कळत नव्हतं. "तिला समजतंय का?" मिस्त्रीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही."

शेजारीण डबा घेऊन आली. बाकावर त्याच्याशेजारी बसली आणि पदराशी चाळा करत राहिली. मग न राहवून म्हणाली, "काका, एक विचारू? रागावू नका. काकू दुपारी एवढ्या हाका मारत होत्या, तुम्ही कुठं बाहेर गेला होतात का?"

"कसल्या हाका?"

"पाईपातून. अहो ऐकताय ना, म्हणत होत्या. सोडा की राग आता, मी बोलतेय ना. मग म्हणाल्या जिभेला मुंग्या आल्यात, या ना जरा. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या. मला वाटलं, तुमचं नेहमीचंच चाललंय, लाडात आल्यात. मी... मी मिक्सर लावला हो काका." आणि ती रडायला लागली.

"मी शेडमध्येच होतो," मिस्त्री म्हणाला. "मला काहीच ऐकू आलं नाही."

शेजारणीनं त्याच्याकडे बघितलं. तिचा विश्वास बसला नव्हता, हे त्याला दिसलं.

कपडे आणायला म्हणून तो घरी आला आणि तडक शेडमध्ये गेला. पाईपाला तोंड लावून फुंकर मारली. वारा उलटा तोंडावर आला. त्यानं करवत घेतली आणि एल्बोच्या पुढं पाईप कापला. वळणाच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा बेतानं, माती ठासून भरली होती. वरचा थर अजून ओलसर होता. आयुष्यभर हेच काढत आलेला माणूस तो तुकडा हातात घेऊन जमिनीवर बसला. कुणी बघायला नव्हतं, तो मोठ्यानं रडला.

लेक आली. तिला त्यानं तुकडा दाखवला. ती म्हणाली, "बाबा, यात तुमचा काय दोष? माशीनं घात केला." शेजारणीनं बघितला, तीही म्हणाली, "हात्तिच्या! आणि मी उगाच तुमच्यावर..." भेटायला येणारा जो तो तेच म्हणायचा, आणि मिस्त्री मान हलवायचा. सगळ्यांना पटलं होतं. पण जिला पटायला हवं होतं ती छताकडे बघत पडली होती. तिनं हाका मारल्या, नवऱ्यानं ऐकल्या आणि तो आला नाही, एवढंच तिला ठाऊक. ते तसंच घेऊन ती गेली तर?

डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, इथं ठेवून काही व्हायचं नाही. तिला घरी आणलं, त्याच खाटेवर निजवलं. सांगायचं होतं, पण त्याला धीर होईना. पाणी पाजायला जायचा, तोंड पुसायचा आणि नुसताच परत यायचा. लेकीला म्हणायचा, "उद्या बोलतो." लेक म्हणायची, "बाबा, उद्याचं काय घेऊन बसलात?"

एका दुपारी लेक आत आईसाठी भात मऊ करत होती, तेव्हा त्यानं स्टूल ओढलं आणि खाटेला खेटून बसला. पाईपाचा तुकडा तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे बघ. कुंभारीण शिरली होती. तुझा आवाज आलाच नाही माझ्याकडे. एक शब्दसुद्धा नाही. मी तिथंच बसलो होतो गं, कान तिकडेच होते माझे."

ती छताकडे बघत होती.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. सगळ्या जगाला तेवढंच पुरलं होतं. पण हिच्याशी त्यानं कधी अर्धवट व्यवहार केला नव्हता. त्यानं तुकडा खाली ठेवला.

"आता खरं ते ऐक. आवाज आला असता तरी पहिल्या हाकेला मी ओ दिली नसती. ठरवलंच होतं मी तसं. कळ काढू दे म्हटलं हिला. माती नसती तरी तुझी पहिली हाक वायाच गेली असती. दुसरीला आलो असतो. आईशपथ, दुसरीला धावत आलो असतो. आणि ते बडबडीचं बोललो ना, ते माझ्या तोंडातून कसं गेलं मला माहीत नाही. मला करमत नाही गं. शेडमध्ये बसवत नाही. मी चुकलो."

एवढं लांबलचक तो उभ्या जन्मात बोलला नव्हता. बोलून दमला आणि तिच्याकडे बघत राहिला.

तिच्या पापण्या हलल्या. घशातून काहीतरी आवाज झाला. मग सावकाश, अगदी सावकाश, तिची मान वळली. त्याच्याकडे नाही, पलीकडे भिंतीकडे. तोंड फिरवून ती तशीच राहिली.

मिस्त्रीच्या लक्षात आलं आणि तो ताडकन उठला. रुसली! बाई रुसली! म्हणजे तिनं ऐकलं. सगळं ऐकलं, समजलं, आणि समजून रागावली. गेले कित्येक दिवस जी कुणाकडे बघत नव्हती, तिनं नवऱ्याकडे पाठ फिरवली. याहून चांगलं काय असणार? राग आहे ना, मग तो काढता येतो. पंचवीस वेळा पाया पडू. बोलू नकोस म्हणावं महिनाभर, दोन महिने. या खेपेला आपण बोलायचं, रोज बोलायचं, ती वळेपर्यंत बोलत राहायचं.

तो जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेला. त्याचे डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं.

"अगं, तुझी आई रुसली माझ्यावर!"

"काय म्हणता?"

"तोंड फिरवलं तिनं. सगळं सांगितलं मी, आणि सगळं कळलं तिला. चांगलं फणकाऱ्यानं फिरवलं! जा, बघ जा. तू भरव आता, माझ्या हातचं खायची नाही ती आज."

लेकही हसली, तशीच रडली. भाताची वाटी घेऊन ती खोलीत गेली. "काय गं आई, काय म्हणतायत बाबा?" असं म्हणत खाटेवर बसली आणि तिनं आईच्या हनुवटीला हात लावला. मग तो हात तिनं आईच्या नाकाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

"बाबा," ती म्हणाली. "या इकडे."

"नको गं," मिस्त्री दारातूनच म्हणाला. "मला बघून अजून चिडेल ती. जेवू दे आधी."

लेकीनं वाटी खाली ठेवली आणि आईचे डोळे मिटले.